एनएबीएल मुलीला नाही, लॅबला मिळतं

नमस्कार साहेब,

मुलीची बी.व्ही.एस्सी.ची (जनावरांच्या डॉक्टरकीची) इंटर्नशिप संपत आलीय, तिला जनावरांच्या रोगनिदान लॅबमध्ये काम करायचंय, तुम्हाला मात्र ती सरकारी पशुधन विकास अधिकारीच व्हायला हवीय, आणि लॅबच करायची असेल तर पस्तीस हजार भरून 'एनएबीएल सर्टिफाइड' व्हायचा ऑनलाइन कोर्स करू दे का, असं विचारलंय. सगळ्या पत्रात 'आम्ही ठरवलंय', 'आम्हाला वाटतं', तिच्याबद्दल एकच ओळ, तीही 'हट्ट धरून बसलीय' अशी. साडेपाच वर्षं शिकलेली डॉक्टर आहे हो ती, हट्ट कसला! आणि 'पाहुण्यांना काय सांगायचं, पोरगी शेण-रक्त तपासते?' हे तुम्ही तिच्या तोंडावर बोलला नसाल एवढीच आशा.

आता कोर्स. एनएबीएल म्हणजे लॅब तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ; त्याची मान्यता माणसाला मिळतच नाही, लॅबला मिळते, आणि तीसुद्धा सरसकट नाही, ठरलेल्या टेस्टपुरती. म्हणजे एखाद्या लॅबला ब्रुसेला या जनावरांच्या जिवाणूजन्य आजाराच्या एलायझासाठी (रक्ताची एक टेस्ट) मान्यता असेल पण पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) नसेल, असं होऊ शकतं, भिंतीवरचा लोगो बघून कळत नाही, स्कोपची, म्हणजे मान्यता असलेल्या टेस्टची, यादी बघावी लागते. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबला आयएसओ 15189 हे मानक लागतं, जनावरांच्या लॅब 17025 खाली येतात, तेव्हा कोर्सवाल्याला आधी एवढंच विचारा की तुम्ही यातलं कुठलं शिकवता. ऑडिटचं ट्रेनिंग उपयोगी पडतं, नाही असं नाही, पण लॅबमध्ये हात बसल्यावर, आणि बऱ्याचदा लॅबच पाठवते.

लॅबच्या कामाला 'कागद भरायचं काम' म्हणालात. ब्रुसेलाची 'रोझ बेंगाल' नावाची टेस्ट घ्या, सीरमचा (रक्तातल्या पातळ भागाचा) एक थेंब, गुलाबी अँटिजेनचा (रंगवलेल्या मेलेल्या जंतूंच्या द्रावणाचा) एक थेंब, मिसळून चार मिनिटं हलवायचं आणि गुठळ्या बघायच्या, इतकं सोपं. पण अँटिजेन फ्रीजमधून काढून तसंच थंडगार वापरलं, किंवा माहितीतलं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सीरम सोबत लावलंच नाही, तर त्या रिझल्टवर भरवसा कसा ठेवायचा? आणि त्यावर कुणाच्या तरी गोठ्यातली गाय वेगळी काढली जाते, शिवाय ब्रुसेला माणसालाही होतो. फ्रीजच्या तापमानाची वही, पिपेटचं (थेंब मोजून घ्यायच्या नळीचं) कॅलिब्रेशन हे सगळं त्यासाठी असतं.

एमपीएससी द्यायची तर देऊ दे, एम.व्ही.एस्सी.ची (पुढच्या पदवीची) प्रवेश परीक्षाही देता येते, दोन्हीत भांडण नाही. पस्तीस हजार मात्र ठेवा. त्यापेक्षा तिला पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात जाऊन तिथल्या लोकांशी बोलू दे, तुम्ही सोबत न जाता. पुढे विषय मायक्रोबायोलॉजी घ्यायचा की पॅथॉलॉजी, ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय, पुढचं पत्र तिला लिहू द्या.