प्रभू सुचवतोय की माझंच मन बोलतंय, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चर्चच्या मंडळीत लोक सहज म्हणतात, ‘प्रभू माझ्याशी बोलला’, आणि तुम्ही रोज प्रार्थनेला बसूनही तुम्हाला तसं काही ऐकू येत नाही. त्यात गेले काही आठवडे एका दुरावलेल्या मैत्रिणीला फोन करावा असं राहून राहून वाटतंय, आणि ही पवित्र आत्म्याची प्रेरणा की नुसती टोचणी, हे उमगत नाही.

फोनचं शेवटी बोलते. आधी त्या ‘ऐकू येत नाही’बद्दल, कारण ते दुःख माझ्या ओळखीचं आहे. बरीच वर्षं मी प्रभूच्या मागे चालतेय आणि कानांना ऐकू येईल अशी वाणी मी एकदाही ऐकलेली नाही. पूर्वी वाटायचं, आपल्याच विश्वासात काहीतरी कमी आहे. मग बायबलमधली, पुढे संदेष्टा झालेल्या शमुवेलाची गोष्ट नीट वाचली. तो मुलगा मंदिरातच राहायचा, देवाच्या कोशाजवळ, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीजवळ झोपायचा, आणि तरी हाक आली तेव्हा धावला तो तिथल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे. एकदा नाही, तीनदा. बोलणारा देव होता, पण शमुवेलाला तो आवाज घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा वाटला. पोरानं ओळखलं नाही म्हणून देव रुसला नाही, चौथ्यांदा आला. आणि खूण पटवून दिली ती एलीनं, ज्याची स्वतःची नजर मंद झाली होती आणि ज्याच्या मुलांनी घराची लाज घालवली होती. तेव्हा तुम्हाला अजून ओळखता येत नसेल, तर ते शिकण्याचा भाग आहे, नाकारलं जाण्याचा नाही.

आता प्रेरणा येते कशी, तर माझ्या बाबतीत अगदी साधी. एकदा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हातात उशीचा अभ्रा होता आणि पूर्वीच्या ऑफिसातल्या एका बाईंचं नाव मनात आलं. त्यांच्याशी दोन-तीन वर्षं बोलणं नव्हतं. ‘त्यांची विचारपूस कर’, एवढंच. मी घड्या संपवल्या आणि विसरले. दुसऱ्या दिवशी केस विंचरताना पुन्हा तेच नाव, तितक्याच शांतपणे. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज टाकला. आठवडाभर उत्तर आलं नाही, आणि मला वाटलं, आपलाच भास होता. मग त्यांनी लिहिलं, ‘तुझा मेसेज आला तेव्हा मी आईच्या पलंगाशी बसले होते. उत्तर द्यायचं सुचलं नाही, पण तो मी किती वेळा वाचला ते मोजलं नाही.’

त्या सूचनेत माझा काही फायदा नव्हता. ती छोटी होती, नेमकी होती, तिला घाई नव्हती, आणि मी ऐकलं नाही तरी ती चिडली नाही. फक्त परत आली. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर जी शांत, मंद वाणी आली, तिच्यामागोमाग आधी एक प्रश्न आला, ‘तू येथे काय करतोस?’ आणि मग परत फिरून करायची ठरावीक कामं. मला तो क्रम महत्त्वाचा वाटतो.

याच्या उलट अनुभवही सांगायलाच हवा. एकदा रात्री मी उठून राजीनामा लिहिला, कारण प्रभू मला ती नोकरी सोडायला सांगतोय याची मला पक्की खात्री झाली होती. बायबलमधलं वचनसुद्धा सापडलं होतं. हवं ते वचन सापडतंच. सकाळी मंडळीतल्या एका वयस्कर बाईंना फोन केला, मी त्यांना मावशी म्हणते. त्यांनी ना होकार दिला ना नकार. एवढंच विचारलं, ‘हे लिहिताना तुझ्या डोळ्यांपुढे काय होतं?’ मी थांबले. डोळ्यांपुढे साहेबांचा चेहरा होता, तो कागद वाचून पडलेला. मावशी म्हणाल्या, ‘मग आज देऊ नकोस. प्रभूचं असेल तर पुढच्या महिन्यातही प्रभूचंच असेल.’ पुढच्या महिन्यात ती खात्री नव्हती, फक्त राग होता, आणि तो घेऊन मला वेगळ्या प्रकारे प्रार्थनेत बसावं लागलं.

इग्नेशियस लोयोला या सैनिकानं हेच फार बारकाईनं पाहिलं होतं. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो महिनोन्महिने अंथरुणाला खिळला. वाचायला शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, मिळालं ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र. पडल्या पडल्या तो कधी पराक्रमाची आणि राजघराण्यातल्या स्त्रीची स्वप्नं रंगवी, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना गोडच वाटत. पण पहिली ओसरली की मन कोरडं पडे, आणि दुसरी ओसरल्यावरही समाधान मागे राहत असे. त्याची सगळी आत्मपरीक्षा या निरीक्षणातून वाढली. विचार येताना कसा वाटतो यापेक्षा तो गेल्यावर मनात काय उरतं, ते पाहायचं. त्याचा आणखी एक नियम मी घट्ट धरला आहे: मन उदास आणि कोरडं असताना, आधी शांतपणे केलेला निश्चय बदलायचा नाही.

मात्र ‘शांती वाटली म्हणजे प्रभूची इच्छा’ हे जे सरसकट म्हटलं जातं, ते मला धोक्याचं वाटतं. बायबलमधला योना संदेष्टा देवापासून पळत होता आणि वादळात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत पित्याची इच्छा पूर्ण करायला निघालेला येशू मात्र व्याकूळ होता. तेव्हा शांती ही खूण आहे, पण एकटीच्या भरवशावर निर्णय घेऊ नये. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौलाला आत्म्यानं आधी दोन ठिकाणी अडवलं, मग रात्री दृष्टांतात ‘इकडे येऊन आम्हाला साहाय्य कर’ म्हणणारा मासेदोनिया प्रांताचा माणूस दिसला. तरी ते पुस्तक लिहिणारा लूक काय लिहितो? देव तिकडे बोलावतोय, असं ‘आम्ही अनुमान केलं.’ दृष्टांत एकाला, अनुमान सगळ्यांचं. शिवाय दिसला होता पुरुष, आणि मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात नदीकाठी आधी जिचं अंतःकरण उघडलं ती लुदिया नावाची बाई. पुढे तिथेच फटके आणि तुरुंगही आला. प्रेरणा खरी असूनही आपल्याला ती अर्धवटच कळते, आणि तिच्यावर चालल्यावर सगळं सुरळीत होतंच असं नाही.

मला उपयोगी पडलेली एक सवय म्हणजे वही. जे सुचलं ते तारखेसह एका ओळीत लिहायचं, आणि काही महिन्यांनी परत वाचायचं. बऱ्याच ओळींचं पुढे काहीच झालेलं नसतं. पण ज्यांचं झालं त्या एकमेकींसारख्या दिसू लागतात, आणि तिथून वाणीची ओळख होते. प्रभूनं शिकवलेल्या प्रीतीच्या विरुद्ध, कुणाला फसवायला किंवा तोडायला लावणारं काही असेल, तर ते वहीतही न घेता सोडून द्या. आणि खरोखर आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल किंवा ते स्वतःला इजा करायला सांगत असतील, तर पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही लगेच जा. त्यात अविश्वास काही नाही.

आता तुमची मैत्रीण. तुमच्या मनातला विचार तुम्हाला नेमकं काय म्हणतो, ते पाहा. ‘तू अशीच वाईट, सगळ्यांना गमावतेस’ असं म्हणत असेल, तर तो तुम्हाला कुठेच नेत नाही, नुसता तुडवतो. ‘त्या दिवशी ते वाक्य तू बोलायला नको होतंस, तिला फोन कर’ असं असेल, तर त्यात एक नेमकी चूक आहे आणि पुढे टाकायचं एक पाऊल आहे. पवित्र आत्म्यानं दाखवलेलं पाप मला नेहमी असंच दिसलं आहे, उघडलेल्या दारासकट. आणि समेटासाठी वेगळ्या प्रकटीकरणाची वाट पाहायची गरजही नाही. वेदीवर दान तसंच ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूनं मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात सांगून ठेवलंय. ती मैत्रीण तुम्हाला इजा करणारी असती, तर मी आधी कुणाशी तरी बोला म्हटलं असतं. तुमच्या लिहिण्यात तसं दिसत नाही.

फोन करा. ‘प्रभूनं सांगितलं म्हणून केला’ असं तिला म्हणू नका, त्याचं ओझं तिच्यावर पडतं. जे बोलून गेलात तेवढ्याचीच माफी मागा, कारणं न देता. तिनं उचलला नाही, तर दोन ओळी लिहून ठेवा आणि तिला हवा तेवढा वेळ घेऊ द्या.