ग्रंथालय संचालक व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बीए झाल्यावर ग्रंथालयशास्त्र करायचंय, पुढं राज्याचं ग्रंथालय संचालक व्हायचं मनात आहे, आणि घरचे म्हणतायत की पुस्तकांवरची धूळ झाडायचं काम, त्यात कसलं करिअर. मी कोल्हापूर जिल्ह्यात बरीच वर्षं ग्रंथपाल आहे म्हणून लिहायला घेतलं, जरा लांबेल.

आधी रचना समजून घ्या. आपल्याकडं गावातलं सार्वजनिक वाचनालय सहसा संस्था चालवते, अध्यक्ष, कार्यवाह असतात, ग्रंथपाल त्यांनी नेमलेला, आणि शासन अ, ब, क, ड असा दर्जा बघून अनुदान देतं. संचालक मुंबईत बसतात, त्यांच्या खाली विभागाचे सहायक संचालक, मग जिल्हा ग्रंथालय अधिकारी. हे १९६७ च्या कायद्यानं आलं. पण कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालय कायदा १९४५ लाच केला होता, देशातला पहिला, मद्रासचा १९४८ चा, आणि कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे वाचनालय तर १८५० पासूनचं, घरच्यांना हेही सांगा. शिक्षण इथंच होतंय, शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची पदवी बी.लिब. आहे, पदव्युत्तर एम.लिब. आहे.

आता करिअरचं. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात ते एस. आर. रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पहिले काही दिवस इतके कंटाळले की परत शिकवायला जायला निघाले होते. मग लंडनला पाठवलं, तिथली वाचनालयं फिरून बघितली, आणि माणूस बदलूनच आला. १९३१ ला त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, पहिलंच सूत्र, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. वाचायला अगदी साधं वाटतं, पण मला ते कळायला नोकरीत काही वर्षं जावी लागली.

मी लागलो त्या वाचनालयात सगळी कपाटं कुलूपबंद. वाचकानं यादी बघायची, नंबर चिठ्ठीवर लिहायचा, मग मी किल्ली घेऊन उठायचो. बायका तर यादी बघायच्याच नाहीत, "दादा, मागल्या वेळी दिलेलं तसलंच द्या" म्हणायच्या आणि मी देईन ते घेऊन जायच्या. मी कार्यवाहांच्या मागं लागून दोन कपाटं तीन महिन्यांसाठी उघडी ठेवली. काही पुस्तकं गेली, खोटं कशाला सांगू, आणि मीटिंगमध्ये गेलेल्या पुस्तकांचे पैसे माझ्या पगारातून कापायचं ठरलं, त्या पगारात ते लई लागायचं. पण त्याच तीन महिन्यांत एक मावशी खाली फरशीवर बसून एकेक पुस्तक काढून चाळत होत्या आणि शेळीपालनाचं एक घेऊन काउंटरवर आल्या. मागची तारखेची पट्टी बघितली तर पूर्ण कोरी, दाखल झाल्यापासून ते पुस्तक एकदाही बाहेर गेलं नव्हतं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे रंगनाथन यांचं तिसरं सूत्र मला त्या दिवशी समोर दिसलं. नंतर कपाटांना कुलूप लागू दिलं नाही मी.

म्हणून व्हिजन व्हिजन म्हणतात ते माझ्या मते इथं असतं, किल्ली कुणाकडं आहे आणि वाचनालय कधी उघडं असतंय त्यात. शेतावरनं, एमआयडीसीतनं माणूस सुटतो तेव्हा आपलं दार बंद झालेलं असतं, मग वाचक कमी झाले म्हणून रडायचं. बडोद्यात सयाजीरावांनी १९१० ला अमेरिकेतनं बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, तेव्हा नुसतं मध्यवर्ती ग्रंथालय बांधून थांबले नाहीत, पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली, जिथं वाचनालय नाही तिथंपण. संचालकानं असा विचार करायला पाहिजे.

आता बऱ्याच ठिकाणी अभ्यासिका भरलेली असते, पोरं स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. ते चांगलंच आहे, घरी जागा नसलेल्या पोरांना ती खुर्ची मोठा आधार आहे, पण त्या नादात बालविभाग कोपऱ्यात गेलाय, ते मला फार लागतं. आणि ग्रंथपालाच्या पगाराचा प्रश्न जो संचालक मनावर घेईल त्याचं नाव गावागावात राहील, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

तुम्ही एवढंच करा, या सुट्टीत तुमच्या गावच्या वाचनालयात महिनाभर देवघेवीच्या काउंटरवर बसू द्या म्हणून विचारा, पैसे मागू नका. रिकाम्या वेळेत एकेका कपाटातली पुस्तकं काढून तारखेच्या पट्ट्या बघा, कोणतं फिरतंय, कोणतं वर्षानुवर्षं हललं नाही, वहीत लिहून ठेवा. मग बी.लिब.चा फॉर्म भरा.