ऑक्टोबरमध्ये मुंबईहून दोन दिवस कुठे जावं? थंड हवा हवी, शांतता हवी आणि हुरडा पण खायचाय

हुरडा विसरा, तो डिसेंबर-जानेवारीत, ज्वारीची कणसं कोवळी असताना. आत्ता कोणी हुरडा पार्टीचे पैसे मागत असेल तर जरा जपून. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे भात.

मी म्हणेन भंडारदरा, पण दसऱ्यानंतर जा. आम्ही एकदा घाई केली आणि परतीच्या पावसाने असं गाठलं की दोन दिवस पडवीत बसून नुसते पत्ते कुटले, आणि ज्यांच्याकडे उतरलो त्यांचं कापलेलं भात समोर शेतात भिजत होतं, त्यामुळे भजी मागायची पण लाज वाटत होती.

दसरा-दिवाळीच्या मधे मात्र मस्त. हळवं भात आधी कापतात, गरवं मागाहून, म्हणून एक खाचर रिकामं आणि शेजारचं पिवळंधमक. मधे खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, पिवळी फुलं, ज्यांचे फोटो आपले लोक सूर्यफूल म्हणून टाकतात.

गाडी नसेल तर कसारा लोकल, तिथून शेअर जीपने घोटी आणि पुढे एसटी. पहाटेची लोकल पकडा, उशीर केलात तर अर्धा दिवस घोटीतच जाईल. धबधब्यांसाठी जात असाल तर नका जाऊ, ते बारीक झालेले असतात आणि अम्ब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो. त्यापेक्षा रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, जलाशयाच्या कडेकडेने रस्ता जातो. दुपारी ऊन तिकडे पण भाजतं, अंधार पडला की शाल लागते.

जेवण हॉटेलात नको, गावात घरी सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी, गावठी कोंबडी आणि नव्या तांदळाचा भात, त्याचा वास ओसरीपर्यंत येतो.

येताना घोटीतून इंद्रायणी घ्या, फक्त नवा की जुना ते विचारा. मी नवा पाच किलो आणला, आईने रोजच्या अंदाजाने कुकरला पाणी घातलं आणि झाकण उघडलं तर अक्षरशः खळ. नव्याला पाणी कमी लागतं हे तांदूळ देणाऱ्या मावशींनी निघताना सांगितलेलं, मी मान डोलावली आणि कसाऱ्यापर्यंत विसरलो. उरलेल्याची आई पेज करते, तूप-मीठ घालून.