मोहरीची उशी आणि पालथी झोप

प्रश्न : माझा मुलगा तीन महिन्यांचा आहे. उताणा झोपवला की दचकतो, हात फेकतो आणि रडत उठतो. पालथा घातला की गाढ झोपतो. सासूबाई म्हणतात, उताणं ठेवलं तर ओकलेलं दूध घशात अडकेल, डोकंही मागून चपटं होईल. त्यांनी मोहरीची उशी शिवून दिली आहे. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : दिवसा काय, रात्री काय, उताणंच झोपवा. पालथं बाळ गाढ झोपतं हे खरं, पण काळजी त्याचीच आहे. श्वास कोंडला तर बाळाला जाग यायला हवी, आणि पालथ्या झोपेत ती सहजी येत नाही. झोपेत अचानक दगावण्याचा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ मध्ये पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ मध्ये त्याची मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्यावर आले.

दुधाची भीती जवळजवळ प्रत्येक आजी मला बोलून दाखवते. श्वासनलिका पुढे असते, अन्ननलिका तिच्या मागे. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वरच्या बाजूला राहते. ओकलेल्या दुधाला तिच्यात शिरायचं तर चढून जावं लागतं. पालथं घातलं की सगळं उलटं. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग ठेवा. कुशीवरही नको, कुशीवरचं बाळ कधी पालथं पडेल सांगता येत नाही.

मोहरीची उशी दवाखान्यात आली की मी ती बाळाच्या डोक्याखालून काढून आजींच्याच मांडीवर ठेवते. त्या हसतात, पण ऐकतात. उशीने हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते. शिवण उसवली तर दाणे बाळाच्या नाकातोंडाशी. डोकं थोडं चपटं झालं तरी बाळ बसायला लागलं की बहुतेकदा भरून येतं. जागेपणी, तुमच्यासमोर, रोज थोडा वेळ पालथं घाला. मानही धरू लागेल.

दचकणं नैसर्गिक आहे, बाळ चार-सहा महिन्यांचं होईपर्यंत जातं.

झोळीत बाळ लवकर झोपतं, मान्य. पण पाठ वाकते आणि हनुवटी पुन्हा छातीवर, म्हणून झोप लागली की सपाट, घट्ट गादीवर काढून ठेवा. गादी तुमच्याच खोलीत, पण वेगळी. तिच्यावर लोड, जाड गोधडी, खेळणी काही नको. झोपताना टोपडं काढा. हातपाय गार लागले म्हणून आणखी दुपटी गुंडाळू नका. मानेला हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा कमी करा. ओव्याची धुरी बंदच.

आणि गळ्यातला काळा दोरा आजच सोडा. दृष्टीचं एवढंच मनात असेल तर तळपायाला तीट लावा.