हीट पंप बिघडलाय? रीसेट करण्याआधी हे वाचा

पहिलं सांगतो, घर गरम ठेवणारं हे यंत्र अडलं तरी लगेच रीसेटचं बटण दाबू नका. कंट्रोलरवरच्या एरर कोडचा आधी फोटो काढा, तारीख-वेळेसकट. माझा पंप मी दोनदा रीसेट केला आणि तंत्रज्ञ आला तेव्हा तो मजेत चालू होता. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून तो निघून गेला, पुढचे तीन आठवडे आम्ही गारठलो.

थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ साचणं, मध्येच पंखा थांबून वाफ निघणं हा बिघाड नाही, ते डिफ्रॉस्ट आहे, म्हणजे साचलेला बर्फ पंप स्वतःच वितळवतो. बर्फाचा थर वितळतच नसेल तर मात्र तक्रार करा. पाण्याचा प्रवाह कमी असल्याचा कोड असेल तर बऱ्याचदा गाळणी तुंबलेली असते, आणि ती साफ करणं सहसा वॉरंटीत बसत नाही.

तक्रार लेखीच करा. सोबत युनिटच्या पट्टीवरचा सिरियल नंबर, बसवल्याचा अहवाल आणि दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या जोडा. पावती नसली की कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. कॉम्प्रेसरची वॉरंटी अनेकदा जास्त वर्षांची असते, पण त्यात मजुरी धरलीय का ते आधीच विचारा. आणि कृपा करून कंपनीबाहेरच्या माणसाला पंपातल्या गॅसची (रेफ्रिजरंटची) लाइन उघडू देऊ नका.