झाडाचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा जनुकसंच, वाचता येतो, मग औषध बनवणारी जनुकं सापडायला इतकी वर्षं का लागतात?

तुम्ही विचारलंय की नरक्या या झाडातल्या कॅम्प्टोथेसिनसाठी, ज्यापासून कॅन्सरची औषधं बनतात, सह्याद्रीत झाडं तोडण्याऐवजी त्याची जनुकं उचलून यीस्टमध्ये का टाकत नाहीत. मी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करते, हा प्रश्न घरच्यांनीही विचारून झालाय.

अडचण वाचण्याची नाही, ओळखण्याची आहे. झाडात पंचवीस-तीस हजार किंवा त्याहून जास्त जनुकं असतात. त्यांत सायटोक्रोम पी४५० या एकाच घराण्यातली शेकड्यांनी, आणि सगळी तोंडावळ्यानं सारखी. क्रम बघून एवढंच कळतं की हे एन्झाइम कशाला तरी ऑक्सिजन जोडत असावं. कोणत्या रेणूला, कुठल्या कार्बनवर, ते कळत नाही. जिवाणूंमध्ये एका संयुगाची जनुकं बहुधा शेजारी-शेजारी राहतात. झाडात, अफूतल्या नॉस्कॅपिनसारखे अपवाद सोडले, तर ती गावभर पांगलेली.

म्हणून पत्ता शोधायचा नाही, कोण कोणाबरोबर उठतं-बसतं ते बघायचं. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे हिमालयातली बनककडी. तिच्या कंदातल्या पोडोफायलोटॉक्सिनपासून एटोपोसाइड हे कॅन्सरचं औषध बनतं. स्टॅनफर्डच्या लाउ आणि सॅटली यांनी २०१५ मध्ये काय केलं, तर तिच्या पानांना जखमा केल्या. पान दुखावलं की हा रेणू टप्प्याटप्प्यानं बनवण्याच्या वाटेची जनुकं जागी होतात. वाटेवरची काही एन्झाइमं आधीच माहीत होती. त्यांच्यासोबत आणखी कोणाचा आवाज चढतो, त्याची यादी त्यांनी केली.

यादी म्हणजे फक्त संशयित. शहानिशा तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन भावकीत होते, निकोटियाना बेंथामियाना. संशयित जनुक अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये, म्हणजे झाडाच्या पेशीत जनुकं नेऊन सोडणाऱ्या जिवाणूत, घालायचं आणि बिनसुईच्या सिरिंजनं पानाच्या खालच्या बाजूनं आत दाबायचं. चार-पाच दिवसांनी पान वाटून मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, बघायचं. दहा जनुकं एकत्र तपासायची तर दहा कल्चर एकत्र करायची, बस. यीस्टमध्ये हेच करायला कितीतरी जास्त वेळ जातो. अशी सहा नवी एन्झाइमं मिळाली, आणि एकूण दहा जनुकांच्या जोरावर बेंथामियानाच्या पानात एटोपोसाइडच्या थेट अलीकडचा रेणू तयार झाला.

इथे एक ठेच मी स्वतः खाल्लेली. मी शोधत होते ते संयुग पानांत भरपूर दिसलं म्हणून पहिलं जवळजवळ वर्ष मी पानांचाच आरएनए, म्हणजे जाग्या जनुकांच्या नकला, काढत बसले. ते बनत होतं मुळांत. तंबाखूतलं निकोटिनही मुळांत बनतं आणि पानांत साठतं, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, तरी! सदाफुली तर याहून वस्ताद. तिच्या व्हिनब्लास्टिन या कॅन्सरच्या औषधाची वाट एकाच पानातल्या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींतून जाते. अख्खं पान वाटलं की तिन्हींची सरमिसळ होते, म्हणून आता एकेका पेशीचा आरएनए वाचतात.

त्या वाटेतली शेवटची हरवलेली एन्झाइमं २०१८ मध्ये नॉरविचच्या जॉन इनस सेंटरमधल्या गटानं शोधली. ती लागल्यावर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या कीसलिंग यांच्या गटानं यीस्टमध्ये ५६ बदल केले, त्यांत ३४ जनुकं वनस्पतींची. तरीही यीस्टनं दिले ते व्हिनब्लास्टिनचे दोन अर्धे भाग, तेही लिटरमागे शंभर मायक्रोग्रॅमहूनही कमी. सांधा बाहेर, रसायनशास्त्रानं जोडावा लागला. जनुकं मिळाली की कारखाना सुरू, असं होत नाही ते यामुळे.

नरक्यातल्या कॅम्प्टोथेसिनची सुरुवात सदाफुलीशी मिळतीजुळती, ट्रिप्टामाइन आणि सेकोलोगॅनिन किंवा त्याच्या जवळच्या रेणूपासून होते, त्यामुळे तिथली बरीच माहिती उसनी घेता येते. पण ते झाड वाढायला वर्षं घेतं आणि जखम करून बघायला रोपंच हाताशी नसतात. तुम्ही विद्यार्थी असाल तर आधी रोपवाटिकेतून रोपं मिळवा. मग मूळ, साल, कोवळं पान, जून पान यांचे नमुने एकाच दिवशी घ्या आणि प्रत्येकाचे दोन भाग करा, एक आरएनएसाठी, एक संयुग मोजायला.