हॅनिबलचा आल्प्समधला रस्ता शोधायचाय? आधी एवढंच कर

मस्त विषय धरलायस! कार्थेजचा सेनापती हॅनिबल इ.स.पू. २१८ मध्ये सैन्य घेऊन आल्प्स ओलांडून रोमवर चालून गेला, तो नेमका कुठल्या खिंडीतून, हेच शोधायचंय ना! पण लगेच कार्बन डेटिंगच्या (जुन्या अवशेषांचं वय काढायच्या पद्धतीच्या) मागे लागू नकोस, आधी पॉलिबियस (ही मोहीम लिहून ठेवणारा प्राचीन ग्रीक इतिहासकार) दोनतीनदा नीट वाच आणि त्यातलं दगड-बर्फाचं तेवढं वेगळं काढ, म्हणजे उतारावर दरड कोसळून दीड स्टेडिया (पावणेतीनशे मीटरच्या आसपास) तुटलेली वाट, जुन्या बर्फावर पडलेला नवा बर्फ वगैरे, मग एकेक खिंड नकाशावर त्याच्याशी ताडून बघ.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- एकाच पुराव्यावर उडी मारतात. फ्रान्स-इटली सीमेवरच्या ‘त्राव्हर्सेत’ नावाच्या खिंडीखालच्या दलदलीत तुडवलेला थर आणि घोड्याच्या लिदीत असतात तसे क्लॉस्ट्रिडिया जिवाणू सापडलेत, भारीच आहे, पण गुरं-घोडी तर मेंढपाळही नेत असणार ना!
- कार्बनची तारीख म्हणजे नेमकं इ.स.पू. २१८ नाही, तो वर्षांचा पट्टा असतो.

परागकण, डीएनए सगळं नंतर.